गोरखरावांचं त्रिकोणी विमान

गोरखराव ओव्हाळांनी पहिलं लढाऊ विमान पाडलं ते डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला, पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत. दुसरं त्यानंतर चार मिनिटांनी. खरं तर ही विमानं त्यांनी पाडली असं म्हणता येणार नाही, कारण पडायचं तर आधी वर जावं लागतं. तिसरं पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवरून सुसाट निघालं, धावपट्टी संपली तरी निघालेलंच होतं, आणि कुंपण तोडून कुणाच्या तरी शेतात शिरून पेटलं. शेत हिरवंगार होतं. 'हरभरा असणार,' गोरखराव मनाशी म्हणाले, आणि त्या न पाहिलेल्या शेतकऱ्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं.

विमान कॉम्प्युटरमधलं होतं हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पुढे ज्यांना ते वेळेवर सांगितलं गेलं नाही, त्यांनी बराच घोळ घातला.

तळेगाव स्टेशनच्या बाजूला, शुभंकर सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, ओव्हाळांच्या बंद केलेल्या गॅलरीत हा विमानतळ होता. एक टेबल, मोठा पडदा, विमान हाकायचा दांडा आणि डाव्या हाताला वेगाचा खटका. गोरखराव कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा बंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकीनं, रुपालीनं, हा सगळा सरंजाम पाठवला आणि फोनवरून जोडूनही दिला. तीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवून गोरखरावांनी चार-चार टनांचा माल जमिनीपासून सहा फूट उचलला होता. त्याहून वर काही न्यायची ही पहिलीच वेळ.

"पप्पा, प्रवासी विमान घ्या. ते सोपं असतं," रुपाली म्हणाली होती.

"यष्टीच चालवायची असती तर आगारात नसतो का लागलो?" गोरखराव म्हणाले, आणि त्यांनी यादीतलं ते एकच विमान निवडलं ज्याच्यावरून त्यांची नजर हलेना. त्रिकोणी पंखांचं. वहीचं पान दुमडून वर्गात फेकतात तसं. मागे वेगळे शेपटीचे पंख नाहीत, काही नाही. एक लांब नाक आणि मागे पसरत गेलेला त्रिकोण. उभं असलं तरी निघाल्यासारखं दिसायचं.

पण निघायचं काही केल्या नाव घेईना. अडीचशेच्या वेगाला दांडा पोटाशी ओढायचा, नाक वर होतं, विमान उडतं, असं मार्गदर्शिकेत लिहिलं होतं. गोरखराव ओढत. नाक उठे, पण विमान उडायच्या ऐवजी मागच्या मागे बसायला लागे. मग ते आणखी ओढत. मग विमानाचं ढुंगण धावपट्टीवर घासून ठिणग्या उडत आणि पडद्यामागची एक इंग्रजी बाई ओरडायला लागे. ती बाई कधीही थेट काही सांगत नसे. काम बिघडलं की मगच बोलायची. गोरखरावांना कारखान्यातल्या बऱ्याच साहेबांची आठवण येई.

त्यात खुर्ची चाकांची. पाय भिंतीला रेटून दांडा ओढला की खुर्ची मागे पळायची. विमान लोहगावला, आणि गोरखराव उड्डाण करून स्वयंपाकघराच्या दारात.

"पोळ्या व्हायच्यात अजून," यशोधराबाई मागे न बघता म्हणायच्या. त्या दुपारच्या शाळेत इतिहास शिकवत, त्यामुळे साम्राज्यं कशी कोसळतात याचं त्यांना नवल राहिलं नव्हतं.

एवढी दगदग कशासाठी, हे गोरखरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लोणावळ्याजवळ वलवणला, धरणाच्या अंगाला, त्यांचा धाकटा भाऊ अतुल राहायचा, आणि त्याच्याकडे आई, विठाबाई. वय चौऱ्याऐंशी. रुपालीनं आजीला विमानानं बंगळूरला न्यायचं ठरवलं होतं, तिकीटही बघितलं होतं. पण डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि विमान नको म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हातारी एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आपलं वलवण वरनं कसं दिसतं तेवढं बघाया मिळालं आसतं."

गोरखराव तेव्हा "बघू" म्हणाले होते. आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण या माणसानं खरंच बघायला घेतलं.

चौथ्या दिवशी दारावर बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे दीनानाथ परचुरे. हे सोसायटीचे सचिव, आणि त्याआधी चाळीस वर्षं विमा कचेरीत अपघाताचे दावे तपासणारे.

"गोरखराव, गेले चार दिवस आमच्या छतावरून दर पाच मिनिटांनी काहीतरी गडगडत जातंय. आमच्या हिला, इंदिरेला, वाटतंय भूकंप आहे. मी तिला म्हटलं, भूकंप इतका नियमित नसतो."

गोरखरावांनी त्यांना गॅलरीत नेऊन कारण दाखवलं. म्हणजे आणखी एक विमान पाडून दाखवलं. परचुरे चष्मा कपाळावर सरकवून पेटलेल्या अवशेषांकडे पाहत राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज कुणी पाहिलं नव्हतं.

"कारण काय नोंदवलंत?"

"कसलं?"

"अपघाताचं! पडलं का? अहो, पडलं की लिहायचं. नाहीतर पुन्हा तसंच पडतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन हजर झाले. तक्रारीचा अर्ज त्यांनी आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता. तो त्यांनी सचिव या नात्यानं स्वीकारला, आणि अर्जदार या नात्यानं मागे घेतला. मग खुर्चीची चाकं काढली. खुर्ची चार विटांवर बसवून कपडे वाळत घालायच्या दोरीनं गजाला बांधली. खऱ्या वाऱ्याचा अनुभव हवा म्हणून परचुऱ्यांनी आपल्या घरचा टेबलपंखा आणून गोरखरावांच्या तोंडावर लावला. डिसेंबरच्या थंडीत गोरखराव कानटोपी घालून पंख्यासमोर बसले आणि दोन दिवसांत शिंकायला लागले. वहीत नोंद झाली : 'वैमानिक शिंकला. विमान उजवीकडे.'

बातमी जिन्यानं पसरली. मग सल्ले. पहिल्या मजल्यावरचा प्रदीप म्हणाला, दुचाकीचं पुढचं चाक उचलतात तसा झटका द्या. इंदिराबाई म्हणाल्या, पहाटे पोट रिकामं असताना करा, सगळ्या विद्या पहाटे येतात. कुणी म्हणालं, नाक कमी उचला, कुणी म्हणालं, जास्त उचला. यांपैकी कुणीही विमान चालवलं नव्हतं, पण सल्ला देताना सगळे नुकतेच उतरून आल्यासारखे बोलत. गोरखराव सगळ्यांचं ऐकत आणि सगळ्यांप्रमाणे एकेक विमान पाडत. अपमान फक्त एकच गिळवला नाही. प्रदीपच्या बायकोनं भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुमचं ते विमान अजून जमिनीवरच आहे का हो?" गोरखरावांनी मेथीची जुडी घेतली आणि दोन दिवस जिन्यानं जाणं टाळलं.

जागेपणी ते आता अर्धे धावपट्टीवरच असत. सोमाटणे फाट्याला स्कूटरवरून जाताना समोर रस्ता मोकळा दिसला, पलीकडे डोंगराची निळी कड, तिच्यावर अंगावर शाल ओढल्यासारखं पातळ धुकं, आणि त्यांची मूठ आपोआप पिळली गेली.

"अहो," मागून यशोधराबाई शांतपणे म्हणाल्या, "हँडल छातीशी का ओढताय?"

उलगडा झाला तो परचुऱ्यांच्या वहीतून. एका दुपारी ते पानं चाळत म्हणाले, "गोरखराव, आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकलो. अपघात शेवटच्या क्षणी कधीच होत नाही, तो आधीच होऊन गेलेला असतो. इथे बघा. प्रत्येक वेळी तुम्ही दांडा ओढता, विमान आधी किंचित खाली बसतं, आणि त्या क्षणी तुम्ही घाबरून आणखी ओढता. पस्तीस वेळा तेच लिहिलंय मी."

गोरखराव त्या ओळींकडे बघत राहिले. मग एकदम खुर्चीसकट पुढे सरकायला गेले आणि दोरीनं मागे ओढले गेले.

"आवो परचुरेसाहेब, ही तर फोर्कलिफ्ट हाय!"

"कशी काय?"

"फोर्कलिफ्टची मागली चाकं वळत्यात. पुढली न्हाईत. नवा गडी पुढं बघून चालवतो आन मागचं ढुंगण जाऊन आदळतं रॅकवर. मी समद्यांना सांगायचो, पुढं काय बघता, मागं काय चाललंय ते बघा. ह्याचंबी समदं काम मागंच हाय. पंखांच्या मागच्या पट्ट्या वर उचलल्या की आदी मागची बाजू दबणार, मंगच नाक उठणार. ते बसतंय म्हंजे पडत न्हाई, उडाया बसतंय!"

त्यांनी धावपट्टी लावली. खटका पुढे, मागे ज्वाला. पांढरे पट्टे आधी एकेक करून आले, मग एकमेकांत मिसळले. अडीचशे. त्यांनी दांडा ओढला, अगदी हलका, काचेच्या पेट्या उचलताना ओढत तसा. विमान खाली दबलं. हात शिवशिवले, पण ओढला नाही आणखी. एक श्वास जाऊ दिला.

चाकांची खडखड थांबली.

एवढंच झालं. धावपट्टी मागे गेली असं काही वाटलं नाही; आवाज तेवढा गेला, आणि समोर नाकापलीकडे नुसतं आभाळ उरलं. गोरखरावांना वाटलं आपण लहान आहोत आणि कुणीतरी काखेत हात घालून अलगद उचललंय. गॅलरीच्या खिडकीतून ऊन येत होतं, खाली कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, आणि ते त्या सगळ्याच्या वर, कुठेही न टेकता, सरकत होते.

"अगं यशोधरा, ये! बघ!" ते मागे वळून ओरडले.

यशोधराबाई हात पुसत येईपर्यंत विमान जमिनीत घुसलं होतं. त्यांनी ज्वाला नीट पाहिल्या.

"छान," म्हणाल्या, आणि परत गेल्या.

पण आता रस्ता सापडला होता. जानेवारीच्या मध्याला दहातली सात उड्डाणं नीट होऊ लागली, आणि परचुऱ्यांनी कुणाला न विचारता सूचनाफलकावर कागद लावला :

'२६ जानेवारी रोजी ध्वजवंदनानंतर श्री. गोरख ओव्हाळ (३०४) हे लढाऊ विमानाचे उड्डाण करतील. रहिवाशांनी वेळेवर उपस्थित राहावे. गच्चीवर वाळवण घालू नये.'

"गच्चीचं कशाला लिवलं?" गोरखरावांनी विचारलं.

"ते दरवर्षीच्या सूचनेत असतं. राहून गेलं तर लोक नावं ठेवतात."

त्या कागदाचा फोटो कुणीतरी काढला, तो फोनाफोनी फिरत फिरत कुठल्या कुठे गेला, आणि तिसऱ्या दिवशी चौकीतले हवालदार कैलास फॉर्म घेऊन दारात उभे राहिले. फॉर्म ड्रोनचा होता. दुसरा नव्हता.

"काका, विमान तुमचंच?"

"व्हय," गोरखराव ताठ होऊन म्हणाले. इतक्या सरळ शब्दांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"वजन?"

"रिकामं साडेसहा टन."

हवालदारांनी वर पाहिलं. "ठेवता कुठं?"

"हितंच. गॅलरीत."

हवालदारांनी पेन खिशाला लावलं आणि सावकाश, भिंतीच्या कडेकडेनं गॅलरीपर्यंत गेले. परचुरे धावत वर आले ते फाइल घेऊनच. तिच्यात कार्यकारिणीचा ठराव, ना-हरकत पत्र आणि खुर्चीच्या विटांबद्दल वेगळी परवानगी होती. सगळं समजल्यावर हवालदार बराच वेळ हसले. मग म्हणाले, बघू तरी. बसले. विटांवरून त्यांचे पाय जमिनीला पुरेनात. पुढच्या पाऊण तासात त्यांनी सहा विमानं पाडली, चहा दोनदा घेतला आणि जाताना अहवाल लिहिला : 'सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता विमान आढळून आले नाही.'

गोरखरावांना ते लागलं. संध्याकाळी जेवताना ते दोनदा म्हणाले, "आढळून आलं न्हाई म्हंजे काय? सहा-सहा डाव बसला की तो त्यात!"

सव्वीस जानेवारीला अतुल सकाळीच विठाबाईंना घेऊन आला. नवं लुगडं, पायात मोजे, हातात पिशवी. जणू खरंच गावाला निघाल्या होत्या. झेंडा झाला. यशोधराबाईंनी दरवर्षीप्रमाणे संविधानाची उद्देशिका वाचली, दरवर्षीप्रमाणे एकही शब्द न अडखळता. मग सगळे सोसायटीच्या हॉलमध्ये शिरले. खुर्ची, विटा, दोरी, पंखा सगळं खाली आणलं होतं. भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा. विठाबाई पहिल्या रांगेत, गोरखरावांच्या खांद्यामागे. परचुऱ्यांच्या हातात माईक.

यंत्र सुरू झालं आणि पडदा पांढरा झाला. पांढराशुभ्र. मिनिटभर तसाच.

"पडदा बिघडलाय," प्रदीप म्हणाला.

गोरखरावांनी रुपालीला फोन लावला. ती म्हणाली, "पप्पा, मी खरं हवामान जोडून ठेवलंय. लोहगावला आत्ता जसं असेल तसंच दिसणार. तिकडे धुकं असेल."

परचुऱ्यांनी माईक तोंडाशी नेला. आयुष्यभर जणू याच वाक्याची वाट पाहिली असावी तसे म्हणाले, "धुक्यामुळे उड्डाणास विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

हॉलमध्ये खऱ्या प्रवाशांसारखी कुरकुर सुरू झाली. दोघांनी घड्याळं पाहिली. एकानं विचारलं की उड्डाण रद्द झालं तर पोहे मिळणार का. पोहे मिळाले. गोरखराव मात्र जागचे हलले नाहीत. त्या पांढऱ्याकडे बघत बसले. बघता बघता त्यांना त्यात वलवणच्या बाजूची सकाळ दिसायला लागली, हात पुढे केला तर बोटं नाहीशी होतील अशी. मागून आईच्या हातातल्या बांगड्या मधूनच वाजत होत्या. 'आज न्हाई उडालं तर?' म्हातारीला पुन्हा इतक्या लांब आणणं होणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि तिलाही.

पांढऱ्यात एक करडी रेघ उमटली. मग दुसरी. धावपट्टीचे पहिले चार पट्टे दिसले, पाचवा नाही.

"थांबू या," परचुरे माईक बाजूला धरून कुजबुजले. "पुढचं काहीच दिसत नाही."

"पुढचं न्हाईच बघायचं," गोरखराव म्हणाले आणि खटका पुढे रेटला.

पट्टे धुक्यातून एकेक जन्मून अंगावर आले. दोनशे. सव्वादोनशे. विमान उजवीकडे सरकायला लागलं. त्यांनी ते सावरलं. अडीचशे. हलका दांडा. विमान दबलं, आणि हॉलमधल्या पंचावन्न माणसांच्या तोंडून एकदम 'आ' निघाला. हवालदार कैलासही आले होते, तेही मागून ओरडले, "ओढा काका, ओढा!"

गोरखरावांनी ओढलं नाही.

खडखड थांबली. सगळं पुन्हा पांढरं झालं, कान भरून गेल्यासारखी शांतता पसरली, आणि मग विमान धुक्याच्या वर निघालं. वर लख्ख ऊन होतं. खाली कापूस पिंजून पसरावा तसा धुक्याचा थर, आणि त्यातून दूरवर लोहगडाचा आणि विसापूरचा माथा वर आलेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या हे लक्षातच आलं नाही कुणाच्या.

पाच मिनिटांत लोणावळा आलं. तिकडे धुकं विरळ होतं. आईला नीट दिसावं म्हणून गोरखरावांनी वेग कमी केला. पण हे त्रिकोणी विमान हळू जायचं तर नाक उंच करूनच जातं. नाक वर गेलं आणि वलवण पोटाखाली नाहीसं झालं. पडद्यावर नुसतं निळं.

"गाव कुटं गेलं?" विठाबाई म्हणाल्या.

दीड महिना गोरखराव फक्त वर जायला शिकले होते. "डावीकडे कलंडा!" परचुरे माईकमध्येच ओरडले. गोरखरावांनी श्वास धरून दांडा बाजूला नेला. क्षितिज उभं राहिलं. अख्ख्या हॉलनं माना उजवीकडे वाकवल्या. आणि डाव्या पंखाखाली धरणाचं पाणी दिसलं, हिरवट, शांत. त्याच्या काठाकाठानं झाडांचे ठिपके आणि घरांचे चिमुकले चौकोन.

गोरखराव घिरट्या घालू लागले. एक, दोन, तीन. विठाबाई उठून पडद्याजवळ गेल्या. त्यांची सावली पाण्यावर पडली.

"आपलं घर ह्ये न्हवं?" त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो ठिपका घर होता, झाड होतं की पडद्यावरचा डाग, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"व्हय आई. त्येच."

"भात लावताना वरनं इमान जायचं," त्या पाण्याकडे बघतच म्हणाल्या. "आमी बाया समद्या कंबर सरळ करून बगायचो. मला वाटायचं, त्यास्नी आमी दिसत आसू का."

"येवड्या उंचीवरनं माणूस न्हाई दिसत, आई."

"न्हाईच की दिसत," म्हातारी म्हणाली. तिनं आणखी थोडा वेळ पाहिलं. "पर रान किती चांगलं दिसतंय आपलं."

याच वेळी परचुऱ्यांनी वही मिटली, आणि त्यांचा चेहरा पडला. ते गोरखरावांच्या कानाशी वाकले. माईक हातातच होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं : "गोरखराव, आपण उतरायचं शिकलोच नाही."

इंधनाचा काटा निम्म्याच्या खाली होता. हवालदारांनी टोपी काढली. प्रदीपनं पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. गोरखराव चौथी घिरटी घालत होते. आईच्या देखत, आईच्याच गावावर हे विमान पाडायचं?

यशोधराबाई मागच्या रांगेतून उठल्या. पदर खोचून पुढे आल्या, टेबलावर वाकल्या आणि शाळेतल्या प्रश्नपत्रिका टाइप करताना दाबत तितक्याच सहजपणे कीबोर्डवरचं एक बटण दाबलं.

विमान हवेत थांबलं. कलंडलेलं, पंखाखाली वलवणचं पाणी, वर ऊन.

"आता जेवून घ्या सगळे," त्या म्हणाल्या.

लोक जेवले. विठाबाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. जाताना त्यांनी पडद्याकडे हात हलवला. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून हळूच वर गॅलरीत नेण्यात आला, त्यासाठी परचुऱ्यांनी इनव्हर्टरची विशेष परवानगी काढली. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात त्यांनी नोंदवलं : 'विमान हवेत आहे. हरकत नाही.'

यशोधराबाई दुपारी शाळेत जायच्या आधी पडद्यावरची धूळ पुसतात. गोरखराव चहाचा कप घेऊन समोर बसतात, दांड्याला हात लावत नाहीत. भाजीच्या गाडीपाशी प्रदीपची बायको परवा विचारत होती, "काका, उतरलं का हो?"

"न्हाई," गोरखराव म्हणाले, आणि चांगली कोवळी मेथी निवडून घेतली.